ज्युडोत पदके मिळवलेल्या मुलीचा हात सासरी का उठला नाही, आणि आता मॅटवरही का उठत नाही?

मार्कंडेयाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी बेळगाव तालुक्यातील एका गावात गेली अकरा-बारा वर्षे मुलींना ज्युडो शिकवते. हा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीविषयी आहे. तिची परवानगी घेऊन लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सातवीत असताना माझ्याकडे आली. तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे ज्युडोसारख्याच एका मध्य आशियाई कुस्तीत, कांस्यपदक मिळवल्यावर आमच्या भागातील पालक मुलींना मॅटवर पाठवायला थोडे राजी होऊ लागले. ही त्याच्याही आधीची, म्हणजे वडिलांशी भांडून आलेली. ओ-सोतो-गारी हा तिचा हातखंडा डाव. राज्य पातळीवरील दोन पदके तिच्या नावावर आहेत. पुढे लग्न होऊन ती हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात गेली, आणि तीन वर्षांनी, गेल्या दिवाळीच्या तोंडावर, माहेरी परत आली. नवरा मारत होता हे घरच्यांना तेव्हा कळले. मला त्याहूनही उशिरा कळले.

जूनपासून ती पुन्हा सरावाला येते. दम लागतो, पाय जड झाले आहेत. ते अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते निराळेच. पकड घेण्यासाठी मी तिच्या कॉलरकडे हात नेला की ती डोळे मिटते. उचिकोमीत, म्हणजे समोरच्याला न पाडता केवळ डावात शिरण्याचा सराव करताना, ती पूर्वीइतकीच अचूक आहे. पाय, कंबर, मान सगळे जागच्या जागी. परंतु प्रत्यक्ष पाडण्याचा क्षण आला की ती थबकते, आणि चुकून पाडलेच तर त्या मुलीला 'लागलं नाही ना?' असे तीन-तीनदा विचारत राहते. एका संध्याकाळी दोन तासांत तिने किती वेळा 'सॉरी मॅडम' म्हटले ते मी मोजले. १९ वेळा.

आणखी एक गोष्ट सांगते. तिने आधारवरील पत्ता बदललेला नाही, त्यामुळे कर्नाटकाच्या बसमध्ये राज्यातील स्त्रियांना मिळणारे मोफत प्रवासाचे, शून्य रुपयांचे तिकीट तिला मिळते. बसमधून उतरल्यावर ती ते तिकीट बारीक फाडून रस्त्याकडेच्या गटारात टाकते. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'त्यावर वेळ आणि थांबा छापलेला असतो ना.' माहेरी येऊन तिला आठ महिने झाले आहेत. तिकीट तपासणारे तिथे कोणी नाही.

गल्लीतील बायका तिला म्हणतात, 'तू तर ज्युडोची, तुला कोण मारणार?' हे बोलणे टोचते तिला, आणि खरे सांगायचे तर मलाही, कारण शाळांतून प्रात्यक्षिके दाखवताना 'हे शिकलात तर तुमच्या अंगाला कोणी हात लावू शकणार नाही' असे मीच माइकवर अनेकदा म्हटले आहे. कित्तूरच्या चन्नम्मा आणि बेळवडीच्या मल्लम्मा या आमच्याकडच्या लढवय्या राण्यांचे नाव घेऊन म्हटले आहे.

माझे विचारणे असे, की जिच्या हातात कौशल्य आहे तिचा आत्मविश्वास घरातल्या माराने नेमका कुठे मोडतो? मी शिकवण्यात काही चुकले का? आणि तिला आता रांदोरीत, म्हणजे मोकळ्या लढतीत, उतरवावे की थांबावे?

तालमीतली

ताई, मी खानापूर तालुक्यातली. मॅटवरची आणि मातीवरचीही कुस्ती खेळले आहे, सध्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आपला प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिले नाही, कारण मला तो माझ्याविषयीच वाटला.

'हात का उठला नाही' असे लोक विचारतात, तेव्हा तो एकदाही उठला नसेल असे ते गृहीत धरतात. माझा उठला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने माझे केस धरले, आणि मी विचार न करता त्याच्या कमरेत हात घालून त्याला पडवीत आडवा केला. डाव इतका स्वच्छ पडला, की मैदानात टाळ्या मिळाल्या असत्या. पुढे काय झाले ते ऐका. सासूबाईंनी शेजारपाजाऱ्यांना बोलावून त्याचे सोललेले कोपर दाखवले. तोपर्यंत माझ्या पाठीवरचे वळ कोणी पाहिले नव्हते, आणि मीही दाखवले नव्हते. रात्री पंच मंडळी बसली, मला माफी मागायला लावली, आणि 'पैलवान सून आणली की असंच व्हायचं' असे एक जण माझ्या वडिलांच्या तोंडावर म्हणाला. त्या दिवसानंतर नवऱ्याने समोरून हात उचलणे सोडले. मी झोपेत असेन, कडेवर मूल असेल किंवा हातात उकळत्या आमटीचे पातेले असेल, अशीच वेळ तो साधू लागला.

म्हणून माझा अनुभव असा आहे, की हरल्यामुळे माझा विश्वास गेला नाही. जिंकल्यावर जे घडले त्यामुळे गेला. आखाड्यात चितपट केले की पंच शिट्टी वाजवतो, दोघे हात मिळवतात आणि कुस्ती संपते. घरात चितपट केल्यावर काहीच संपत नाही. रात्र तिथेच काढायची असते, सकाळी त्याच चुलीपुढे बसायचे असते. पुढच्या वेळी हात उचलण्याआधी बाई भीतीने गोठते असे पाहणाऱ्याला वाटते, पण पुष्कळदा ती मनातल्या मनात हिशेब करीत असते. आता उलटून मारले तर पोराला घेऊन कुठे जायचे, शेवटची बस गेली का, भावजय दार उघडेल का. हा हिशेब करणारी बाई भित्री नसते. माझा हिशेब तर बरोबरच होता. बाहेरून मात्र तो लाचारीसारखा दिसतो, आणि वर्षानुवर्षे तसा दिसला की आपल्यालाही तो तसाच वाटू लागतो.

वळांविषयी एक सांगायचे राहिले. सामान्य बाईच्या दंडावर काळेनिळे दिसले तर निदान एखादी अंगणवाडीताई 'काय झालं गं?' म्हणून विचारते. आम्हाला कोणी विचारत नाही. 'सरावात लागलं' हे उत्तर आमच्याकडे तयार असते आणि ते सर्वांना पटते. लग्नानंतर सराव बंद होऊन दीड वर्ष झाले होते, तरी मी तेच उत्तर देत होते आणि लोक मान डोलावत होते.

लाल माती

मी जुना माणूस आहे. यळ्ळूरचे मैदान आणि बेळगावचा आनंदवाडी आखाडा पाहत मोठा झालो, पुढे वीस-बावीस वर्षे पोरांना जोर-बैठका घालायला लावल्या. मुली शिकवल्या नाहीत, त्यामुळे माझे म्हणणे तेवढ्याच मापाने घ्यावे.

एखाद्या पैलवानाचे मन खचले की आम्ही त्याला काही दिवस हलक्या जोडीबरोबर लढवत असू. चार कुस्त्या मारल्या की छाती आपोआप वर येते. कुस्तीने बिघडलेले कुस्तीनेच सुधारते, असे माझे मत आहे. या मुलीला लहान पोरींबरोबर उतरवा, पाडू द्या, जिंकू द्या. दुसरे, तिला भाऊ असतील तर ते इतके दिवस काय करीत आहेत, हे मला समजलेले नाही. चंदगड काही फार लांब नाही.

तालमीतली

वस्ताद, आपला मान राखून सांगते. माझे भाऊ गेले होते. त्यांनी त्याला बदडले आणि ते घरी परतले. मी मात्र तिथेच राहत होते.

कॅम्पातली डॉक्टर

मी व्यवसायाने डॉक्टर असून मारहाण झालेल्या स्त्रिया माझ्याकडे 'जिन्यावरून पडले' असे सांगून येतात. मार्कंडेयाकाठ यांच्या प्रश्नातील एका गोष्टीविषयी आधी विचारते, कारण ती तातडीची आहे. कॉलरकडे हात नेल्यावर ती डोळे मिटते असे आपण लिहिले आहे. नवऱ्याने तिचा गळा कधी दाबला होता का, हे तिला एकांतात आणि नेमक्या शब्दांत विचारावे. 'मारलं का?' एवढेच विचारले तर गळा दाबल्याचे पुष्कळ स्त्रिया सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते 'मारणे' नसते.

ज्युडो खेळलेल्या मुलीच्या बाबतीत मला ही भीती अधिक वाटते. आपल्या खेळात गळा आवळण्याचे डाव आहेत, ते आपण सरावात रोज देता-घेता, हाताने दोनदा थोपटले की समोरचा लगेच सोडतो, आणि अशा प्रकारे गळ्यावरचा दाब हा तिच्या ओळखीचा, आटोक्यातला अनुभव झालेला असतो. घरात थोपटून कोणी सोडत नाही, हा एकच फरक जिवावर बेतणारा आहे. जोडीदाराने गळा दाबणे हे पुढील जीवघेण्या हल्ल्याचे सर्वांत ठळक पूर्वचिन्हांपैकी एक मानले जाते. गळ्यावर खूण उमटलेली नसली तरी आतील रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके दिसणे ही लक्षणे काही तासांनी वा दिवसांनीही दिसतात. डोक्याला वारंवार मार बसला असेल तर विसराळूपणा, चक्कर, प्रकाश सहन न होणे हेही असते, आणि घरचे त्याला 'आत्मविश्वास गेला' असे नाव देतात. आधी तपासणी करून घ्यावी. ती होईपर्यंत तिला पाडू नये आणि गळ्याचे डाव तर मुळीच देऊ नयेत.

आता मूळ प्रश्न. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एक विचार मांडला, की अमुक एक काम आपल्याला जमेल हा विश्वास माणसाच्या अंगी सरसकट नसतो, तो त्या-त्या परिस्थितीशी बांधलेला असतो. मॅटवरचा विश्वास स्वयंपाकघरात जसाच्या तसा उतरत नाही तो यामुळे. याच बांडुरांनी एलिझाबेथ ओझर यांच्याबरोबर स्वसंरक्षण शिकणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला होता, तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाने त्या स्त्रियांचा विश्वास खरोखर वाढला होता, घराबाहेर वावरणेही मोकळे झाले होते. म्हणजे शिकवणे व्यर्थ गेले, ही शंका मनातून काढून टाकावी. परंतु ते प्रशिक्षण अंगावर चालून येणाऱ्या हल्लेखोराला डोळ्यांसमोर ठेवून आखलेले होते. आपल्याकडील वर्गांतही हल्लेखोर म्हटला की बस थांब्यावरचा, निर्जन रस्त्यावरचा अनोळखी माणूसच असतो. ज्याच्या ताटात आपण भाकरी वाढतो, तो माणूस त्या सरावात कधीच नसतो.

आणि अनोळखी माणूस आपल्या मनाविषयी काही बोलत नाही. मारणारा नवरा मात्र मारण्याआधी आणि मारल्यानंतर सतत बोलत असतो. तूच चिडवलेस, तुला नीट आठवत नाही, तू कुठे गेली होतीस, कोणाशी बोललीस. माझ्या पाहण्यात असे आले आहे, की अशा बाईचा हातांवरचा विश्वास शेवटी जातो. त्याआधी स्वतःच्या निवाड्यावरचा जातो. समोरच्याचा तोल कधी ढळला, आत कधी शिरायचे, हे ज्युडोत क्षणार्धात ठरवावे लागते ना? तुमची विद्यार्थिनी उचिकोमीत अचूक आहे, कारण तिथे ठरवायचे काही नसते. पाडायचे की नाही हे जिथे स्वतः ठरवावे लागते, नेमकी तिथे ती अडखळते. तीन वर्षे तिचा प्रत्येक निर्णय चुकीचा ठरवला गेला आहे, तेव्हा ती प्रत्येक कृतीनंतर माफी मागणारच.

वस्तादांच्या उपायाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. जिंकू 'दिलेली' कुस्ती ओळखता येते, आणि जिचा स्वतःवर विश्वास नाही तिला तर ती सर्वांत आधी ओळखता येते. 'शिकलेली असहायता' या नावाने गाजलेला सिद्धान्त मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आला. त्याच दोघांनी २०१६ मध्ये तो बराचसा उलटा करून मांडला. लांबलेल्या छळापुढे निष्क्रिय होणे ही शिकलेली गोष्ट नसून शरीराची मूळ प्रतिक्रिया आहे, आणि 'माझ्या करण्याने काही बदलते' हेच शिकावे लागते, असे ते म्हणतात. तेव्हा तिने काही ठरवले आणि तिने ठरवल्याप्रमाणे समोर खरोखर घडले, असा अनुभव तिला मॅटवर मिळावा. त्यासाठी जिंकण्याची गरज नाही.

'तू तर ज्युडोची' म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देते. क्रिस्टी मार्टिन ही अमेरिकेची जगज्जेती मुष्टियोद्धा. तिचा नवराच तिचा प्रशिक्षक होता, वयाने सुमारे २५ वर्षांनी मोठा. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये, ती त्याला सोडून निघाली असताना, त्याने तिच्यावर सुऱ्याने वार केले आणि गोळी झाडली. ती वाचली, २०१२ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. जिच्या ठोशाला जग घाबरत होते तिला घरातून बाहेर पडायला सुमारे वीस वर्षे लागली, आणि सर्वांत मोठा हल्ला तिने बाहेर पडायचे ठरवले तेव्हा झाला. तुमची विद्यार्थिनी आत्ता माहेरी आहे म्हणून सर्व निवळले, असे कृपया समजू नका.

लाल माती

डॉक्टरबाई, पटले. हलक्या जोडीचा सल्ला मागे घेतो. भावांचा मात्र अर्धाच मागे घेतो. मारायला नको, पण ये-जा करताना सोबतीला असावेत.

कोर्ट आवारातून

मी बेळगावात वकिली करते. कायद्याची बाजू मांडते, कारण माझ्या मते आत्मविश्वासाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

तालमीतली यांनी जे सांगितले त्याचा पहिला कायदेशीर अर्थ असा, की त्यांनी नवऱ्याला आडवे केले तो गुन्हा नव्हता. स्वतःच्या शरीराच्या बचावाचा अधिकार घराच्या उंबऱ्यावर संपत नाही आणि हल्ला करणारा नवरा आहे म्हणून कमीही होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. अट अशी, की बचावासाठी लागेल तेवढेच बळ वापरावे. प्रशिक्षित स्त्रीला इथेच घेरले जाते. 'ती कराटेवाली आहे, तिनेच मारले असेल' हे वाक्य मी पोलीस ठाण्यात ऐकले आहे आणि उलटतपासणीतही ऐकले आहे. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या खेळाडू मुलींना मी सांगते, की सुटका करून घ्या, अंतर ठेवा, बाहेर पडा, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन जखमांची नोंद करून घ्या. त्या कागदावर 'सरावात लागलं' असे कधीही लिहून देऊ नका. पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध वाचला जातो.

आता हद्दीचा मुद्दा. आपल्या भागात मुली चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडे दिल्या जातात आणि तिकडच्या इकडे येतात. 'गुन्हा महाराष्ट्रात घडला, तिकडे जा' असे ऐकून कित्येक जणी गप्प बसतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे कलम २७ यासाठी नीट समजून घ्यावे. पीडित स्त्री जिथे कायमची किंवा तात्पुरतीही राहते, तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, आणि मिळालेला आदेश भारतभर लागू होतो. म्हणजे ही मुलगी माहेरी राहून बेळगावातूनच अर्ज करू शकते. नवरा वा सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचा फौजदारी गुन्हा, जो पूर्वी दंड संहितेचे कलम ४९८ अ होता आणि आता न्याय संहितेचे कलम ८५ आहे, त्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, की सासर सोडून स्त्री जिथे आश्रयाला आली तेथेही तक्रार दाखल होऊ शकते.

कर्नाटकात तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी, ज्यांना आपल्याकडे सगळे सीडीपीओ म्हणतात, तेच या कायद्याखालील संरक्षण अधिकारी असतात. पीडित स्त्रियांना आधार देणारी सांत्वन केंद्रे आहेत, १८१ ही महिला मदतवाहिनी आहे, आणि वकील विनामूल्य मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. पोलीस ठाण्यात तक्रारीचा जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. तो सहीपूर्वी वाचून दाखवणे बंधनकारक आहे, तेव्हा तो मराठीत समजावून सांगा असे ठामपणे म्हणावे आणि समजल्याशिवाय सही करू नये. भाषेमुळे बाई ठाण्यात अर्धी होते, हे मी रोज पाहते. ज्या मुलीने राज्य स्पर्धेत पंचांसमोर उभे राहून लढत दिली ती 'सर, मला कळालं नाही' एवढे वाक्य उच्चारू शकत नाही, कारण सासरी तेच वाक्य उच्चारल्यावर मार पडलेला असतो.

या कायद्याखाली स्त्रीधन आणि तिची इतर मालमत्ता परत देण्याचा आदेशही मागता येतो. दागिन्यांची यादी सर्व जणी करतात. आपल्या विद्यार्थिनीची पदके आणि प्रमाणपत्रे कुठे आहेत, तेवढे विचारा. क्रीडा कोट्यातील नोकरीसाठी तीच लागतील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा एक आकडा देते, कारण 'आमच्या भागात असे होत नाही' असे कोणीतरी लिहीलच. २०१९-२१ च्या पाहणीत कर्नाटकातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी ४४.४ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याआधीच्या पाहणीत हेच प्रमाण २०.६ टक्के होते. हिंसा इतकी वाढली की सांगणाऱ्या वाढल्या, यावर वाद घालता येईल. माझ्या मते दोन्ही असावे.

मार्कंडेयाकाठ

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे घेतले, कारण काही सांगण्यासारखे घडेपर्यंत थांबायचे होते.

डॉक्टरांचा प्रश्न मी तिला त्यांनी सांगितलेल्याच शब्दांत विचारला. ती सहज म्हणाली, 'दोनदा. पण मॅडम, चोक तर आपण रोज घेत होतो.' मग थोड्या वेळाने म्हणाली, 'मी थोपटलं होतं. दोन्ही वेळा.' यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. तपासणी झाली आहे, सुदैवाने गळ्यात काही निघाले नाही. डोकेदुखीसाठी औषध चालू आहे.

रांदोरी बंद ठेवली आहे. सध्या ती उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव, आणि पकडीचा सराव एवढेच करते. नियम आम्ही दोघींनी मिळून ठरवले. पकड कोण घेणार, कुठे घेणार, हे ती सांगते. नको झाले की ती 'मात्ते', म्हणजे 'थांबा', म्हणते आणि समोरची जागच्या जागी थांबते. 'मात्ते' हा पंचाचा शब्द, खेळाडूने उच्चारायचा नाही असे मी इतकी वर्षे शिकवत आले, तेव्हा मलाही ते प्रथम विचित्र वाटले. पहिल्या आठवड्यात तिचा आवाज समोरच्या मुलीलाही ऐकू जात नव्हता. मुलगी माझ्याकडे पाही, मी मान हलवल्यावर थांबे. तेही चूकच होते, कारण थांबवत मीच होते. मग मी पाठ फिरवून उभी राहू लागले. गेल्या शनिवारी तिने 'मात्ते' म्हटले आणि मॅटच्या दुसऱ्या टोकाला खेळणारी पाचवी-सहावीची पोरेही थांबली, तिच्याकडे बघत उभी राहिली. तिने त्यांनाही 'सॉरी' म्हटलेच.

शाळेतील प्रात्यक्षिकांत 'कोणी हात लावू शकणार नाही' हे वाक्य मी आता म्हणत नाही. त्याऐवजी काय म्हणावे ते अजून नीट बसलेले नाही. मागच्या आठवड्यात मोठ्या मुलींना कॉलरची पकड सोडवायला शिकवताना, ही पकड ओळखीच्या माणसाची असेल तर सुटल्यावर कुठे जाल, कोणाला सांगाल, असे विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने मावशीचे नाव सांगितले, दुसरीने शेजारच्या काकूंचे. आईचे नाव पहिल्या सात-आठ जणींत कोणीच घेतले नाही. त्याचा विचार मला वेगळा करावा लागणार आहे.

तालमीतली ताई, आपले पडवीतले प्रसंग मी आपल्या परवानगीशिवाय तिला वाचायला दिले, त्याबद्दल क्षमस्व. तिने ते मोबाइलवर दोनदा वाचले, आणि 'यांचा फोन मिळेल का?' असे विचारले. आपली तयारी असेल तर खासगी संदेशात कळवावे.

पदके आणि प्रमाणपत्रे सासरीच, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. जुडोगी, म्हणजे ज्युडोचा पोशाख, सासूने फरशी पुसायला घेतली, असे ती म्हणाली. येत्या मंगळवारी सीडीपीओ कार्यालयात जायचे ठरले आहे. मी सोबत येऊ का, असे तिला विचारले, तर ती म्हणाली, 'नको मॅडम, आईला नेते. तुम्ही क्लास घ्या, पोरी खोळंबतील.'